बराबर हाय, पण पाह्यलेलं न्हाई

वडीगोद्रीजवळच्या आमच्या घरी ओसरीच्या भिंतीवर दोन वर्षांपूर्वीचं एक कॅलेंडर अजून टांगलेलं आहे. एकाच मोठ्या पानाचं. वर वालाच्या वेलाचं चित्र, खाली बारा महिन्यांचे चौकोन. दिवाळीची साफसफाई निघाली की आई ते उतरवायला जाते आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, तिला अडवतात. "राहू दे. इनायकनं काढलेलं हाय," म्हणतात.

विनायक म्हणजे मी. ते चित्र मी काढलेलं नाही, शेषरावकाकांनी काढलेलं आहे. त्यांच्याविषयी लिहायला बसलो तर आधी हेच कबूल करावं लागणार की या माणसावर मी नऊ वर्षं जळत होतो. थोडंथोडकं नाही. सकाळी ते ऑफिसच्या दारातून आत आले की माझ्या पोटात दुखायला लागायचं आणि संध्याकाळी ते वाटूरच्या बसला निघाले की थांबायचं. रविवारी मला फार बरं वाटायचं.

मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत पाकिटांची डिझाइनं करतो. बाहेरच्या माणसाला हे काम किरकोळ वाटतं, पण दुकानाच्या फळीवर दहा कंपन्यांची भेंडी शेजारी शेजारी उभी असते आणि शेतकऱ्याचा हात आधी चित्राकडे जातो. औरंगाबादला चित्रकलेची पदविका घेऊन मी इथे लागलो, तेव्हा कंपनीतला एकुलता एक चित्रकार मीच होतो. मालक पाहुण्यांना माझ्या टेबलाशी आणून म्हणायचे, "हे आमचे आर्टिस्ट." हे सुख मला सहा वर्षं मिळालं.

मग एक दिवस मालकांची गाडी वाटूर फाट्यावर चहाला थांबली. तिथल्या खताच्या दुकानाच्या भिंतीवर कुणीतरी कपाशीचं झाड रंगवलं होतं. पाटी रंगवणारे काढतात तशी टवटवीत, तरतरीत कपाशी नव्हती ती. भर दुपारी ऊन खाल्लेली कपाशी होती, पानं खाली मान टाकून पडलेली. मालक स्वतः शेतकऱ्याच्या घरातले. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "हे कुणी काढलं?" आणि दुसऱ्या सोमवारी शेषराव पेंटर आमच्या ऑफिसात माझ्यासमोर उभे होते.

पन्नाशीचा सडपातळ माणूस. पांढरा शर्ट, त्याच्या बाह्यांना हिरव्या रंगाचे जुने डाग, वरच्या खिशात पेनाऐवजी तीन ब्रश. तोवर त्यांनी दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावं आणि शाळांच्या भिंती रंगवून पोट भरलं होतं. त्यांची आई लोकांच्या रानात खुरपायला जायची आणि हे लहानपणी तिच्या मागे सरीत बसून असायचे. स्वतःच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. आणि माझ्या घरची अकरा एकर, त्यातली चार एकर मोसंबी. हे मुद्दाम सांगतोय, कारण माझ्या जळण्याचं मूळ इथंच आहे.

पहिल्याच आठवड्यात मालकांनी आम्हा दोघांनाही भेंडीचं पाकीट करायला सांगितलं. माझी भेंडी एका दिवसात तयार झाली. हिरवीगार, चकचकीत, वर पाण्याचे दोन थेंब, फांदीवर चार भेंड्या झोकात लोंबताहेत. काकांनी तीन दिवसांची सुट्टी मागितली.

"कशाला?" मालकांनी विचारलं.

"भेंडी पाहायला जाऊन येतो."

मी हसलो. चौथ्या दिवशी ते आले, आणि त्यांनी त्यांचं चित्र टेबलावर ठेवण्याआधी माझं हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. मी कौतुकाची वाट पाहत होतो.

"बराबर हाय," ते म्हणाले. "पण पाह्यलेलं न्हाई."

"म्हणजे?"

"भेंडी लोंबत नसती, साहेब. भेंडी वर तोंड करून उभी राहती. मिरची लोंबती."

सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं. शिपायापासून हिशेबनीसापर्यंत सगळे खेड्यातले. त्यातल्या एकालाही आतापर्यंत माझी चूक दिसली नव्हती आणि आता प्रत्येकाला आधीपासूनच माहीत होती. अकरा एकरवाल्या घरातला मी. भेंडी मी पाटीत पाहिली होती, पिशवीत पाहिली होती, ताटात पाहिली होती. झाडावर पाहिली असेलही, पण ती कशी असते हे काही मला सांगता आलं नसतं. काकांच्या चित्रात तीन भेंड्या आभाळाकडे बघत होत्या, एक पिवळं फूल अर्धवट मिटलं होतं आणि एका पानाला अळीनं भोक पाडलं होतं. मालकांनी ते भोकासकट छापलं. त्या वर्षी दुकानदार विचारायचे, "ती भोकाची भेंडी आली का?"

त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. या माणसानं माझं एखादं काम हातात घ्यावं आणि त्या वाक्यातला दुसरा अर्धा भाग गाळावा. नऊ वर्षं मी त्यासाठी झुरलो आणि नऊ वर्षं मला पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा, दोन्ही बरोबर मिळत गेले.

काका रोज वाटूरहून एसटीनं यायचे. सकाळी डाव्या बाजूची खिडकी, संध्याकाळी उजव्या बाजूची. जागा मिळाली नाही तर बस सोडून द्यायचे आणि पुढच्या बसनं यायचे. कधी कधी अर्ध्या वाटेत उतरायचे. अकरा वाजता घामेघूम होऊन दारात उभे.

"काय झालं, शेषराव?"

"पळस पाहत बसलो. काल न्हवता फुललेला."

मालक अर्धी रजा मांडायचे आणि काका मान डोलवायचे. त्यांना तो व्यवहार एकदम रास्त वाटायचा. मला मात्र राग यायचा. मी वेळेवर येऊन वेळेवर जाणारा, आणि हा माणूस उशिरा येऊनसुद्धा काहीतरी घेऊनच यायचा. पिशवीतून कधी तुरीची फांदी निघायची, कधी घाटे धरलेला हरभरा, कधी नुसती मुठीत धरून आणलेली माती. कापलेल्या बाटलीत पाणी घालून ती फांदी टेबलावर उभी व्हायची आणि दुपारच्या डब्याला आम्ही सगळे तिच्याभोवती बसायचो. भाकरी खाता खाता ते पान ट्यूबलाइटसमोर धरायचे, मागूनपुढून बघायचे, देठ मोडून वास घ्यायचे, आणि पुष्कळदा तोंडातही टाकायचे.

कंपनीनं त्यांना एसीजवळची जागा दिली होती. त्यांनी ती नाकारून बाथरूमच्या शेजारची जागा मागून घेतली, कारण तिथल्या खिडकीतून फाटकाजवळचा लिंब दिसायचा. उन्हाळ्यात आम्ही गारव्यात बसायचो आणि काका घाम पुसत तिकडे. मला वाटलं, चार दिवसांत येतील. नऊ वर्षं ते तिथंच बसले.

माझ्या संगणकाशी त्यांचं वैर नव्हतं. उलट येऊन माझ्या खांद्यामागे उभे राहायचे. एकदा मी गव्हाचं शेत करत होतो. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "हा हिरवा कोण्या महिन्यातला हाय?"

"हिरवा आहे, काका. गव्हाचा हिरवा."

"ते कळलं. पण संक्रांतीचा का होळीच्या अगुदरचा?"

मी चिडून म्हटलं, "तुम्हीच सांगा."

"मलाच समजंना म्हणून इचारून राह्यलो." आणि खरोखरच ते कोड्यात पडले होते. टोमणा मारत नव्हते. टोमणा मारला असता तर मला त्यांचा द्वेष तरी नीट करता आला असता. त्यांच्या टेबलावर बशीबशीतून हिरवे रंग मांडलेले असायचे आणि प्रत्येकाला रानाचं नाव: पानांवर आंबट आंब पडलेल्या हरभऱ्याचा हिरवा, रोहिण्यांतल्या बाभळीचा हिरवा, पाणी जास्त झालेल्या मक्याचा हिरवा. माझ्याकडे लाखो रंग होते आणि सगळ्यांना नुसते आकडे होते.

मी काही हात बांधून बसलो नव्हतो. यांना जमतं ते मला का जमू नये? एका रविवारी मी कोरी वही, पेन्सिली आणि पाण्याची बाटली घेऊन गावी गेलो आणि आमच्याच मोसंबीच्या बागेत एका झाडाखाली बसलो. ठरवलं होतं, दिवस मावळेपर्यंत उठायचं नाही. पहिल्या अर्ध्या तासात मुंग्या चढल्या. दुसऱ्या अर्ध्या तासात मी मोबाइल काढला. तेवढ्यात अण्णा आले. थोडा वेळ लांबूनच बघत उभे राहिले.

"तब्येत बरी न्हाई का?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे."

"मंग घरी कामून न्हाई बसला?"

चित्र काढायला बसलोय हे सांगायची मला लाज वाटली. वही मिटली आणि घरी जाऊन जेवलो. वहीत एक झाड उमटलं होतं. ते मोसंबीचं होतं की पेरूचं हे माझं मलाच सांगता आलं नसतं.

पुढच्या वर्षी डायरीच्या कव्हरसाठी मालकांना मोसंबी हवी होती. काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "इनायक, तुझ्या बागेत येऊ का?" एव्हाना साहेब जाऊन मी 'तू' झालो होतो. नाही म्हणायची सोय नव्हती. मी त्यांना गाडीवर घेऊन गेलो.

अण्णा अबोल माणूस. माझं त्यांचं बोलणं म्हणजे कधी आलास, कधी निघणार, औषध घेतलं का. त्या दिवशी ते काकांना बाग दाखवायला म्हणून गेले आणि दोन तास परत आले नाहीत. आई चहा दोनदा गरम करून कंटाळली. शेवटी मी बघायला गेलो. दोघं एका झाडाजवळ उकिडवे बसले होते आणि काका खोडावरून बोट फिरवत होते.

"हा घाव कुऱ्हाडीचा हाय," काका म्हणत होते. "पण एकच हाय. दुसरा न्हाई. कामून थांबले?"

अण्णांनी त्या घावावर अंगठा टेकवला. मग सांगायला लागले. पाण्याच्या त्या वाईट सालात सगळी बाग वाळून गेली होती. मजूर लावून झाडं तोडली. हे शेवटचं झाड स्वतः तोडायचं म्हणून कुऱ्हाड घेतली, एक घाव घातला, आणि आतून ओलं लाकूड निघालं. "ओलं व्हतं हो, पेंटरसाहेब," अण्णा म्हणाले. "मंग हात उठला न्हाई माझा." त्यानंतर पाऊस पडेपर्यंत घरातलं भांड्याचं पाणी बादलीनं नेऊन त्यांनी ते झाड जगवलं. आजची सगळी बाग त्याच्यानंतरची.

त्या झाडाखालून मी हजार वेळा गेलो असेन. मुंग्या चावल्या तेव्हा बसलो होतो तेही तेच झाड. ती हकिकत मला ठाऊक नव्हती, कारण तो घाव मी पाहिला नव्हता. आणि माझ्या बापानं ती सांगितली कुणाला, तर दोन तासांच्या ओळखीच्या माणसाला. मी तिथं उभा राहून इतका जळलो की चहाला चला एवढंही मला धड म्हणता येईना.

त्यानंतर अण्णांचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला. "पेंटरसाहेब कसे हायत?"

मी एकदाच त्यांच्या घरी गेलो, वाटूरला, कसले तरी कागद पोचवायला. मला वाटलं होतं घराभोवती केवढी झाडं असतील. पत्र्याच्या दोन खोल्या आणि दारापुढं सिमेंटचा रस्ता. भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेलं बुद्धाचं चित्र होतं. मागे पिंपळ, आणि पिंपळाची सगळी पानं कोवळी, तांबूस, नुकती उलगडलेली. काकू म्हणाल्या, "या पानांसाठी आठ दिवस पाटीचं काम सोडून पारावर जाऊन बसले व्हते. फाल्गुनातच जावं लागतं म्हणे." काका लाजून हसत होते. मी चहा पिऊन लवकर उठलो.

मग संगणकाची नवी तऱ्हा आली. मशीनला नुसतं लिहून सांगायचं, टोमॅटो दे, आणि ते देतं. मालकांनी माझ्याकडून करून पाहिलं. मी भेंडी मागितली. मशीननं चार भेंड्या दिल्या, चकचकीत, वर पाण्याचे थेंब, आणि सगळ्या खाली लोंबत होत्या. मला जरा बरं वाटलं. पण मालकांचा निर्णय झालाच होता. पुढच्या वर्षापासून हातानं काढलेली चित्रं बंद. काकांचंही वय झालं होतं. मालक वाईट माणूस नव्हे. त्यांनी सांगितलं, "शेषराव, या वर्षीचं कॅलेंडर तुमचं शेवटचं काम. जे काढायचं ते काढा. आणि खाली सही करा."

सही! पाकिटावर चित्रकाराची सही कधीच नसते. माझी पंधरा वर्षांत एकदाही छापली गेली नाही. त्यांचीही नव्हती.

काकांनी वाल निवडला. तेलाच्या डब्यात बी टोचून तो डबा त्यांनी बाथरूमशेजारच्या खिडकीत ठेवला आणि वेलाला चढायला तुरीची एक वाळकी तुराटी खोचली. तीन महिने ते त्याच्यासमोर बसले. एक दिवस मला बोलावून म्हणाले, "हे पाहा, हा कोण्या बाजूनं चढून राह्यला? वाल नेहमी एकाच अंगानं चढतो. कोण्याबी रानातला पाहा."

"उलटा गुंडाळला तर?"

"गुंडाळून पाहा."

शनिवारी ते गेल्यावर मी खरंच गुंडाळला. वेलाचा शेंडा हळूच सोडवला, तुराटीला उलट्या बाजूनं दोन वेढे दिले आणि वर दोरा बांधला. सोमवारी मी सगळ्यांच्या आधी आलो. दोऱ्याच्या खालचे वेढे सैल पडले होते आणि दोऱ्याच्या वरचा शेंडा आपल्या नेहमीच्या अंगानं तुराटी धरून निघाला होता. मागून काका आले. त्यांनी दोरा सोडला, खिशात ठेवला आणि रंग कालवायला बसले.

चित्र पुरं झालं त्या दिवशी ते माझ्याकडे आले. "सही कशी करत्यात रे? बँकेत करतो तशी का?" मी म्हटलं, "करा कशीही." त्यांनी सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि डाव्या कोपऱ्यात, वेलाच्या बुडाशी, मातीच्याच रंगात 'शेषराव' लिहिलं. मुंग्या चालल्या असाव्यात इतकं बारीक. मग दोन पावलं मागे जाऊन ते त्याच्याकडे पाहत राहिले. चेहरा असा झाला होता की मी दुसरीकडे बघायला लागलो.

मालकांचा हुकूम होता की कंपनीचं नाव उजवीकडे वर हवं. नेमकी तिथं वेलाची दाट पानं होती. मी मालकांना सांगू शकलो असतो की नाव डावीकडे घेऊ. काकांना विचारू शकलो असतो. त्याऐवजी शनिवारी दुपारी, ते अर्ध्या दिवसानं गेल्यावर, मी संगणकावर एक बटण दाबलं आणि स्कॅन केलेलं सगळं चित्र आरशात धरल्यासारखं उलटं केलं. पानं डावीकडे गेली, उजवीकडे जागा मोकळी झाली. वाल उलट्या अंगानं चढायला लागला. आणि सही उलटी झाली.

उलटी सही छापता येत नाही, म्हणून मी ती काढली. असं मी स्वतःला सांगितलं. ती कापून, सुलटी करून परत बसवणं दोन मिनिटांचं काम होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

सही पुसल्यावर मातीत एक मोकळा डाग राहिला. तो झाकायला काहीतरी हवं होतं. मी उठून खिडकीपाशी गेलो. डब्यात वेलाच्या बुडाशी एक वाळकं पान गळून पडलं होतं, ते आणून पडद्यासमोर ठेवलं आणि तसंच काढायला लागलो. त्याच्या कडा आत वळल्या होत्या, शिरा वर आल्या होत्या, देठाजवळ थोडा पिवळेपणा अजून शिल्लक होता. ते नीट जमेना म्हणून पुन्हा पुन्हा बघावं लागलं. पान पुरं झालं तेव्हा शिपाई दार लावायला आला होता. दुपार कशी गेली मला कळलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी छापून आलेलं पहिलं कॅलेंडर मी रविवारी गावी घेऊन गेलो. कशासाठी नेलं, मलाही सांगता येत नाही. अण्णांनी चष्मा लावला आणि ओसरीच्या उजेडात ते धरलं.

"वाल हाय," ते म्हणाले. मग बोटानं खालून वर वेलाच्या मागे मागे गेले. तुराटीच्या अर्ध्यावर बोट थांबलं. "उलटा चढून राह्यला हा. पेंटरसाहेबांनी न्हाई काढलं हे. पेंटरसाहेब असं काढणारच न्हाईत." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू काढलं का?"

मी हो म्हणालो.

"चांगलं हाय की," अण्णा म्हणाले. आवाज एकदम मऊ झाला होता. लहान पोराशी बोलावं तसा. "पहिल्या खेपंला असंच व्हतं. पाहत गेला की जमंल." आणि आईला हाक मारून त्यांनी खिळा मागितला. माझं काम या घरातल्या भिंतीवर कधी लागलं नव्हतं. ते त्या दिवशी लागलं, आणि अण्णा खिळा ठोकत असताना मी कॅलेंडर धरून उभा राहिलो.

सोमवारी काकांचा निरोप समारंभ. शाल, नारळ, पेढे. शेवटी मालकांनी कॅलेंडर उलगडलं आणि टाळ्या झाल्या. काका बघत होते. त्यांची मान वेलाबरोबर खालून वर गेली, परत खाली आली आणि कोपऱ्यात थांबली. आधी एका कोपऱ्यात, मग दुसऱ्या.

"शेषराव, सही कुठंय तुमची?" मालकांनी विचारलं.

काकांनी सांगितलं असतं तर त्याच दिवशी माझी नोकरी गेली असती, आणि अण्णांपर्यंतही ते पोचलं असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"राह्यली वाटतं माझ्याकडून," ते म्हणाले. "सवय न्हाई ना, साहेब." सगळे हसले. मीही हसलो.

त्यांना स्टँडवर सोडायला मालकांनी मलाच सांगितलं. मागे बसून ते वाटेवरची झाडं बघत होते, नेहमीसारखे. वालाचा डबा त्यांनी मांडीवर धरला होता आणि कॅलेंडरची गुंडाळी काखेत. स्टँडवर वाटूरची बस लागलेली होती. सुटायला वेळ होता. मी म्हटलं, "काका, जागेसाठी करावं लागलं ते."

"व्हय," ते म्हणाले. "सही कशी घालवली?"

मी गाडीची किल्ली काढून खिशात घातली.

"डाग न्हाई राह्यला बिलकुल. तिथं वाळकं पान टाकलंय तू. कडा आत वळल्यात, देठाकडं जरा पिवळं राह्यलंय. या डब्यातलंच हाय ना?"

"हो."

"समोर ठेवून काढलं?"

"हो."

त्यांनी मान हलवली. डब्यातली माती अंगठ्यानं दाबली. "दिसतंच ते," म्हणाले. "बराबर हाय. आन् पाह्यलेलं बी हाय."

आणि डबा सांभाळत बसमध्ये चढले. मला काय वाटलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. ज्या वाक्यासाठी नऊ वर्षं झुरलो ते मिळालं, ते मिळालं या पानासाठी, आणि लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं होऊनही मला आनंद झाला. तो आनंद मला लपवता येईना, म्हणून मी बसच्या मागच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. त्यानंतर मी त्यांना भेटलो नाही. वाटूर काही लांब नाही. अण्णा विचारतात, मी काहीतरी सांगतो.

बस सुरू झाली तेव्हा मी पुढे आलो. काका उजव्या बाजूच्या खिडकीत होते. मावळतीचं ऊन सरळ काचेवर येत होतं. त्यांनी कॅलेंडरची गुंडाळी सोडली आणि चित्राची बाजू बाहेर करून तो कागद काचेला लावून धरला, दोन्ही हातांनी, ताणून. आधी मला कळेना की हे मला दाखवताहेत की काय. मग कळलं. ते आतून, कागदाच्या कोऱ्या बाजूनं बघत होते. उन्हामुळे तिकडून त्यांना वेल पार दिसत असणार, आणि तिकडून तो सुलटा चढत असणार. मग एक हात सुटला, आणि आतून बोट दाबत जाईल तिथं तिथं कागद काचेला चिकटत गेला, खालून वर, तुराटीच्या पार शेंड्यापर्यंत. बाहेरून मला तो उलटाच दिसत होता, आणि त्याच्या बुडाशी मातीत माझं वाळकं पान.

बस फाटकातून वळली तरी कागद काचेवर तसाच होता.